गाऱ्हाण्यात ‘नाय’ म्हणायचं

आये, हे पत्र मी गणपतीपासून टाळतोय. आधी वही नव्हती. वही घेतली तर तिची पहिली पानं कुणाकुणाच्या फोन नंबरांनी भरली. मग पिंगुळीच्या बाहुलीवाल्यांबरोबर पेटी उचलत गावोगाव फिरलो, मग कारवारला बोटीवर लागलो, तेही सोडलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, ह्येच्या पायाक भिंगरी आसा. पण आज लिहायलाच हवं, कारण उद्या सकाळी देवळात सोसायटीची सभा आहे आणि मला भीती वाटतेय. सरळ सांगायला बसलो तरी मी वाकडाच जातो, तेव्हा थोडं सांभाळून घे.

अध्यक्ष गेले, महिना झाला. मच्छीमार सोसायटी वीसेक वर्षं एका मुठीत धरून बसलेले आपले अध्यक्ष. घरात त्यांची बायकोही त्यांना ‘अध्यक्ष’च म्हणायची. तू गेल्यावर पाचेक वर्षांनी त्यांचं एक अंग गेलं, आणि मग तालुक्याचा साहेब येऊन पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकून निवडणूक झाली; तोवर देवळात सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले की झाली निवड. ती तू बघायला हवी होतीस. शाळेत लुगड्याचा पडदा बांधलेला. पलीकडच्या वाडीतला म्हातारा चिठ्ठी टाकून बाहेर आला आणि साहेबाला विचारतो, “सायबानू, आता व्हय खंय म्हणूचा?” सगळे हसले. मीही हसलो. आता नाही हसू येत.

कारण आता लोकांना अध्यक्ष परत हवेत. परवा लिलावाच्या शेडमध्ये जाळी विणत बसलेल्यांची जुंपली. एक म्हणाला, “तेंच्या टायमाक परको ट्रॉलर हय फिरकाची हिंमत नव्हती.” दुसरा सुई न थांबवता म्हणाला, “आणि तोंड उघडूची तुझी होती काय?” पहिला म्हणतो, “जेटी कोणी बांधली? बर्फाचो कारखानो कोणी आणलो? वादळात होडये कोणी अडवून ठेवल्यान? आमचे बापूस जिते रवले ते कोणामुळे?” हे खरं आहे, आये. त्या दिवशी अध्यक्ष स्वतः काठी घेऊन किनाऱ्यावर उभे होते, बाबांची होडी त्यांनीच मागे ढकलली. एक पोरगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “शिस्त होती रे तेव्हा.” मी म्हटलं, “तेव्हा तू दुपट्यात होतंस, मेल्या.” तो म्हणाला, “आणि तू तरी हय खंय होतंस?”

पण मी होतो. सोसायटीच्या सभेच्या त्या सकाळी देवळात मी होतो, पुरुषांच्या रांगेत बाबांच्या मांडीला मांडी लावून, वय आठ. खालच्या वाडीतली होडी चालवणाऱ्या तांडेलाने एवढंच विचारलेलं, की यंदा चिठ्ठ्या टाकून बघूया काय. अध्यक्ष उठून देवापुढे उभे राहिले आणि नेहमीचं गाऱ्हाणं सुरू केलं. पीकपाणी, मासळी, मुंबैची पोरं, सगळ्यांचं राखण कर रे म्हाराजा. आम्ही म्हणतोय, व्हय म्हाराजा. मला ते ओरडायला फार आवडायचं, छातीत घुमायचं. आणि त्याच सुरात, श्वासही न बदलता, “जो कोण त्या घराक पाणी दीत, मासळी दीत, तेका तू बघून घे रे म्हाराजा.” सगळं देऊळ म्हणालं, व्हय म्हाराजा. बाबाही. तो तांडेलही म्हणाला, आये, सवयीने, स्वतःच्याच घरावर. मग बायकांच्या बाजूने, खांबाकडून, तुझा आवाज आला. मोठा नव्हता. “नाय म्हाराजा.”

अध्यक्ष थांबले. तुझ्याकडे बघितलं, आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. या वेळी ‘व्हय’ दुप्पट आलं. घरी येऊन तू आडाळ्यावर नारळ खवायला बसलीस, पाठ माझ्याकडे. “तू कित्याक ओरडलंस?” मी म्हटलं, सगळे ओरडले म्हणान. तू हातातली वाटी खवून संपवलीस, दुसरी उचललीस. “आधी आयक. मगे म्हण.” एवढंच. दुसऱ्या दिवशी लिलावात तुझ्या जागेवर दुसरीची टोपली होती, आणि वर्षभर तू एसटीने जामसंड्याला जाऊन मासे विकलेस.

हे मी शेडमध्ये सांगणार होतो. पण मग ती जूनमधली गाडीही सांगावी लागली असती. तुझा श्वास अडकलेला, पाऊस, रस्त्यावर आडवं झाड. अध्यक्ष स्वतः जीप चालवत आले, कोयत्याने फांद्या तोडल्या आणि तुला गोव्याच्या हॉस्पिटलात पोचवलं. मागच्या सीटवर तुझं डोकं त्यांच्या बायकोच्या मांडीवर. त्यानंतर तू आणखी दोन वर्षं मिळालीस मला. बरी होऊन आलीस, त्यांच्या घरी चांगली सुरमई देऊन आलीस, आणि पुढच्या सभेत त्यांनी गाऱ्हाण्यात काही घुसवलं तेव्हा पुन्हा नाय म्हणालीस. बाबा चिडले, की ज्यांनी जीव वाचवला त्यांनाच? तू म्हणालीस, “गाडयेत बसलंय म्हणान तोंडाक कुलूप लावू?” तुला हे जमायचं कसं, दोन्ही एका हातात धरणं? मी एक उचललं की दुसरं सांडतं.

उद्या अध्यक्षांचा फोटो शेडमध्ये लावायचा ठराव आहे. लावू देत, मी हार आणेन. पण दुसरा ठराव असा, की त्यांच्या पुतण्याला अध्यक्ष करायचं, चिठ्ठ्या नकोत, एकमताने, देवाला गाऱ्हाणं घालून. एका जरी मेंबराने नाय म्हटलं तर चिठ्ठ्या टाकाव्याच लागतात, तसं सोसायटीच्या पुस्तकात लिहिलंय. तुझी मेंबरकी आता माझ्या नावावर आहे. आणखी दोघे म्हणाले होते, आम्ही तुझ्यासोबत बोलू. एक काल वेंगुर्ल्याला पाहुण्यांकडे गेला, दुसऱ्याचा घसा बसलाय. बाबा सकाळपासून एकच सांगतायत, “तू गप रव. तू काय, उद्या जातलंस खंय तरी. माका हयच रवाचा आसा. डिझेल तेंच्या घराकडसून, बर्फ तेंच्याकडसून.” त्यांचं खोटं नाही. तुझी जागा गेली तेव्हा तुझी तू गेलीस जामसंड्याला. माझ्या शब्दापायी बाबांची होडी किनाऱ्यावर पडून राहील, आणि मी असेन आणखी कुठेतरी. पण खरी भीती ती नाही. गावाबाहेर इतका फिरलो तरी कुठेही गाऱ्हाणं ऐकलं की माझं तोंड आपसूक उघडतं. त्या सुरात काय विचारलंय ते डोक्यात शिरायच्या आधी ‘व्हय’ बाहेर पडलेलं असतं. उद्या तुझ्या खांबापाशी बसून तेच झालं तर?

इथवर लिहिलं आणि बाबांनी पडवीतून हाक मारली, “रे, कोण इला बघ.” त्यांचा आवाज बदललाय, ते सदरा चढवतायत. खिडकीतून बघितलं. अध्यक्षांची बायको आहे, एकटी, नवरा गेल्यापासून घराबाहेर न पडलेली. पायात चप्पल नाही. बाबा म्हणतायत, या काकी, बसा. ती बसत नाही. म्हणते, “मी तुमच्या झिलाकडे इलंय. उद्या काय म्हणतलो तो?”

ती कुणाच्या बाजूने विचारतेय, मला कळत नाही. तिने शिव्या दिल्या तर बरं होईल, आये. तिच्या मांडीवर तुझं डोकं होतं. तिने हात जोडले तर मला काही सुचायचं नाही. ती अजून अंगणात उभी आहे, आणि मी पेन हातात धरून लिहीत असल्यासारखा बसलोय.