मेणात वास उतरेपर्यंत

३ जून, सकाळी ७.१५
नवी वही, नवा उद्योग. साबणाच्या कारखान्यात बावीस वर्षं वास तपासायचं काम केलं. माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय एक वडी बाहेर पडली नाही. आता साहेबांनी रजा दिली आहे. मी मागितली नव्हती. मोठी सर्दी झाली, ती गेली, नाक जरा मागे राहिलं. नेमका त्याच आठवड्यात खवट तेलाचा एक अख्खा घाणा माझ्या सहीने पास झाला. थकवा, दुसरं काय. सत्तावीसला साहेब बघणार आहेत, मला परत घ्यायचं की नाही ते. तोवर घरी सोयाच्या मेणाच्या मेणबत्त्या करणार. नाकाला सराव राहील. लॅव्हेंडरची एक अशी नेईन की साहेब खुर्चीतून उठतील.

संकल्प: तापमान रोज लिहायचं. चिडायचं नाही.

४ जून
मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं, त्यात एक किलो मेण. पंच्याहत्तर डिग्रीला वितळवलं, पासष्टवर आणून साठ मिली तेल. ग्लासात ओतलं. गार झाल्यावर वास शून्य. तेल भेसळीचं. दुकानदाराला फोन केला. म्हणाला, बाकी कुणाचीच तक्रार नाही. लोकांना वासातलं कळतं कुठे.

७ जून
तेल नव्वद मिली. वास नाही. हिचं डोकं दुखतंय म्हणे. पूर्वी नव्हतं दुखत. वयाचा परिणाम.
दुपारी भाजी करपून कोळसा झाली. मी शेजारच्याच शेगडीवर मेण ढवळत होतो. ही हॉलमधून धावत आली. माणूस कामात बुडला की असं होतं.

११ जून
एकशे तीस मिली. मेणबत्तीला घाम फुटलाय, वर तेलाचे थेंब. वात पेटते आणि बुडून विझते. पुस्तक म्हणतं, तेल जास्त झालं. पुस्तक लिहिणाऱ्याने कारखाना पाहिलेला नसावा.
वरच्या मजल्यावरचे मास्तर येऊन खिडकी लावून घ्या म्हणाले. ही आता बाल्कनीत जेवते. विचारलं तर म्हणाली, बाहेर हवा छान आहे. बाहेर कडक ऊन होतं.

१४ जून
मुलगी हॉस्टेलवरून आली. दारातच थबकली. म्हणाली, बाबा, डोळ्यांत पाणी येतंय. बापाच्या कामाने लेकीचे डोळे भरून आले, बावीस वर्षांत पहिल्यांदाच. तासाभरात मैत्रिणीकडे राहायला गेली.

१६ जून
हिने पुन्हा डॉक्टरांचा विषय काढला. एकदा नाक दाखवून या, म्हणाली. मी म्हटलं, बावीस वर्षं या नाकाने घर चालवलंय, त्यात कोणी बॅटरी मारून बघायचं नाही. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी चिडलो. संकल्प क्रमांक दोन उद्यापासून.
जेवताना फक्त मीठ लागतं. तिखट थोडं. बाकी सगळं नुसतं गरम किंवा गार. भीती वगैरे नाही. नोंद म्हणून लिहिलं.

१८ जून
नवी बाटली आणली. महाग. दुकानदार फार अदबीने बोलला आणि दोन पावलं मागे उभा राहिला. माझ्या शर्टाला वास येतो म्हणाला. धंदेवाईक माणूस, काहीही बोलेल.

२० जून, दुपारी १२.३०
जमलं. अखेर जमलं. नव्या बाटलीतलं तेल, ऐंशी मिली. वास असा की आहे म्हटलं तर आहे. पुढे पुढे करत नाही, मागे राहतो. उंची वास असाच असतो. पुरावा: हिचं डोकं आज अजिबात दुखलं नाही. कितीतरी दिवसांनी माझ्याशेजारी बसून जेवली.

२३ जून
ग्लास कपाटात मुरत ठेवलाय. ही दोनदा काहीतरी सांगायला आली. दोन्ही वेळा, पाणी प्यायलात का, एवढंच विचारून परत गेली. म्हणाली, साहेबांकडे इतक्यात नाही गेलात तर नाही का चालणार? माझ्या यशाचं तिला दडपण आलंय.

२७ जून, दुपारी ३.००
साहेबांनी ग्लास नाकाशी धरला. मग मेणबत्ती पेटवली. मग प्रयोगशाळेतल्या बाईंना बोलावलं. त्यांनी वास घेतला आणि साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, ज्योत छान आहे, वास कसला घातलाय? मी लॅव्हेंडर कसा मागे राहतो ते दहा मिनिटं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते कधी कुणाचं ऐकून घेत नाहीत. शेवटी हळू आवाजात विचारलं, तुम्हाला येतोय का? मी म्हटलं, म्हणजे काय. ते म्हणाले, गोदामात एक जागा आहे, विचार करा.
साहेबांना सर्दी झाली असणार. बाईंनाही.

२७ जून, संध्याकाळी ६.००
हिला सगळं सांगितलं. ती खाली बसली. म्हणाली, डोकेदुखी सहन होईना म्हणून एकोणीस तारखेला लॅव्हेंडर मोरीत ओतलं आणि बाटलीत स्वयंपाकाचं सूर्यफूल तेल भरलं. वाटलं, झाकण उघडताच तुम्ही ओरडाल. मी वाटच बघत होते तुम्ही ओरडायची. मग तुम्ही इतके खूश झालात की माझं तोंडच उघडेना.
मला माहीत होतं, असं मी म्हणालो. ती बरं म्हणाली.

२८ जून, सकाळी ६.४०
स्वयंपाकघरात काडी ओढली, विझवली, नाकाशी धरली. दुसरी ओढली. पेटी संपली. एकेचाळीस काड्या.
ही दारात उभी होती. केव्हापासून, कळलं नाही. साडेदहाची डॉक्टरांची वेळ घेतलीय, मीही येतेय, म्हणाली. मग खिडकी उघडत म्हणाली, काय हा वास करून ठेवलाय घरभर.
मी विचारलं, कसा येतोय.
ती खिडकी तशीच अर्धी ठेवून शेजारी बसली आणि सांगू लागली.