अठ्ठ्याहत्तर किलोंची कयाक

४ मार्च
लेकीचा फोन. "बाबा, यंदा डोंगरातल्या ओढ्यात उतरू या. दोघंच." मी लगेच हो म्हणून मोकळा! फोन ठेवल्यावर आठवलं – माझी खळाळातली कयाक, एकट्याने वल्हवायची ती चिंचोळी होडी, केव्हाच तडकली. उरली ती लांबलचक, संथ नदीतली. दगडांमध्ये ती पहिल्याच वळणावर आडवी अडकणार, आणि तिच्यात मी. नवी घेणं आलं. लेक आता तलावावर मुलांना कयाक शिकवते. तिला वल्हं धरायला मीच शिकवलं होतं. तिच्यासमोर फजिती नको, बाकी काही नाही.

९ मार्च
बायकोला घेऊन दुकानात. एक चपटी, टोकदार, लालभडक कयाक बघून मी पाघळलो. दुकानवाली म्हणाली, "ही खेळायची. पाणी उंचावरून पडतं तिथे हिचं नाक घुसेल. तुम्हाला गोल पोटाची हवी – बुडाली तरी बुचासारखी वर येते." मग माझ्याच गोल पोटाकडे बघत, "वजन किती?"

"अठ्ठ्याहत्तर!"

तोंडातून निघून गेलं. वजनावरच कयाकचं माप ठरतं, हे मीच आजवर लोकांना ऐकवत आलोय. बायको छताकडे बघत राहिली. मधल्या मापाची घेऊन आलो.

१० मार्च
बाहेरच्या खोलीत कयाकमध्ये बसून पाहिलं. बसलो. उठता येईना. बायको – "अठ्ठ्याहत्तर किलो अडकले का हो?"

१६ मार्च
लेकीच्या तलावावर गेलो. मी बसलो आणि कयाकची शेपटी पाण्याखाली. लेक काठावरून ओरडली, "बाबा, दुकानात वजन किती सांगितलंस?"

सांगावं लागलं. हसेल वाटलं होतं, पण भडकलीच. "ओढ्यात हे असलं चालत नाही! मला तुझ्यावर भिस्त ठेवायची असते."

माझ्यावर? माझ्या बुडाखालची कयाक तरंगेना! पण दिवसभर तोंड पाडून बसलो, हे खरं.

१८ मार्च
परत दुकानात. "एक्याण्णव." इतक्या जोरात सांगितलं की शेजारचं गिऱ्हाईक दचकलं. दुकानवालीने मोठी कयाक दिली. पिवळी, भोपळ्यासारखी. लाल मिळत नाही म्हणे त्या मापात.

२४ मार्च
तलावात उलटलो आणि आत बसल्या बसल्या वल्ह्याच्या एका झटक्यात सुलटा झालो! लेकीने टाळ्या वाजवल्या. मग काय, शहाणा पुन्हा करून दाखवायला गेलो. कयाक सोडून पोहत बाहेर आलो.

३० मार्च
ओढ्याच्या काठावर लेकीला हेल्मेटचा पट्टा लागेना. शेवटी तो तसाच सोडून म्हणाली, "मागच्या वर्षी मी इथे खडकाखाली अडकले होते, बाबा. तुला सांगितलं नाही. तेव्हापासून मी खळाळात उतरलेच नाहीये. तू माझ्या मागे राहशील ना?"

राहिलो.