कलम दोनखाली सुखरूप

ॲम्बल मुक्कामी मेव्हिसताईस, धाकट्या अल्विनचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला? माझी प्रकृती उत्तम आहे (इथल्या फायलीत तसं लिहिलेलं नाही, म्हणून तर मी इथे आहे).

शेजारच्या पर्विसबाई भिंतीतून माझं बोलणं ऐकतात, म्हणून मी घरातले सगळे सॉकेट उघडून ठेवले होते, हे तुझ्या कानावर आलंच असेल. (वायरी लोंबत होत्या, मान्य.) मग दोन डॉक्टर आणि एक सोशल वर्कर आले आणि मला मानसोपचाराच्या इस्पितळात घेऊन गेले. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम दोन : तपासणीसाठी सक्तीने ठेवायचं, जास्तीत जास्त अठ्ठावीस दिवस. पहिल्याच सकाळी ओलुची नावाची नर्स चहा घेऊन आली आणि माझे हक्क वाचून दाखवू लागली. सुटकेसाठी अर्ज करता येईल, वकील फुकट मिळेल. आता तूच सांग, कोंडणारा माणूस कधी बाहेरची वाट दाखवतो? दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! मी म्हटलं, "बाई, कालच झालं हे." तर म्हणते, "काल तुम्ही कानात बोटं घातली होती, अल्विन. माणसाला समजेपर्यंत सांगायचं, असं सरकारी मार्गदर्शक पुस्तकात आहे." म्हटलं, दाखवा पुस्तक. दाखवलं की! चारशेवर पानं.

चाळीस वर्षं मी दुकानदारांचे तराजू तपासले, तेव्हा पेन्सिल घेऊन बसलोच. माझ्या उपचारांच्या कागदावर 'रुग्णाचं म्हणणं' हा रकाना कोरा सापडला. तो कागद डॉक्टरांपुढे नाचवला. वाटलं, चिडतील. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "खरंच की. चूक आमची. सांगा, तुम्हाला काय हवंय?" माझी बायको एडना गेल्यापासून सहा वर्षांत हे मला कुणी विचारलेलं नाही, तेव्हा यात डाव असणारच. मी म्हटलं, कुणीतरी माझ्याबरोबर येऊन सॉकेट तपासावेत.

मंगळवारी ओलुची माझ्याबरोबर घरी आली. मेन स्विच बंद, हातात टॉर्च, एकवीस सॉकेट. कशातही काही नाही. "पुन्हा बघायचं?" तिने विचारलं, न हसता. पुन्हा बघितलं. ताई, मला हायसं वाटायला हवं होतं. मी जिन्यात बसून रडलो. म्हणजे इतकी वर्षं कुणीच ऐकत नव्हतं. ती शेजारच्या पायरीवर बसली, आणि आमची बस चुकली.

तुझा,
अल्विन

ता. क. : कायद्याने जवळची नातेवाईक या नात्याने तू इस्पितळाला "माझ्या भावाला सोडा" असं लिहिलंयस म्हणे. डॉक्टर आडवे आले नाहीत, तर बहात्तर तासांत मी त्या घरात परत. कृपा कर, ते पत्र मागे घे. गोळ्या लागू पडताहेत असा मला दाट संशय आहे.

आणखी एक : माझं पत्र उघडून वाचायचा इथे कुणाला अधिकार नाही, पुस्तकात पान काढून खात्री केली. म्हणून मीच ओलुचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सरळ लिहा ना, भेटायला ये म्हणून." तसलं काही मी लिहिणार नाही. रविवारी, दोन ते चार.