शांतलिंग सरांची जागा

१ जुलै
लोहाऱ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. तेरहून येताना एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण ग्रंथालय झकास आहे. मोठ्या खिडक्या, नवे संगणक. ऑनलाइन नियतकालिकं मीच सांभाळायची. परवाना पाच वाचकांचा, म्हणजे एका वेळी पाचच जण आत, सहाव्यानं थांबायचं. प्राचार्यांनी पेढा दिला. मजा येणार इथं!

४ जुलै
मजा कसली, डोकं फिरलंय. चारच जणांना आत जाता येतं. पाचवी जागा कायम शांतलिंग सरांच्या नावानं भरलेली. ते आधीचे ग्रंथपाल, दिवाळीत वारले. प्राचार्य म्हणाले, नाव राहू द्या, तपासणी समितीला वापर भरगच्च दिसतो. मेलेल्या माणसालाही सुट्टी नाही! इकडे एम.एस्सी.ची झरीन रोज ताटकळते, तिचा प्रकल्प अडलाय. शिपाई बंडप्पा हळूच म्हणाले, सरांला उठवू नका मॅडम, त्यांला दुसरी जागा न्हाय.

५ जुलै
सरांचं खातं बंद केलं. जागा झरीनला दिली. प्राचार्य ओरडले, मीही ओरडले. पोरगी पहिल्यांदा हसली.

९ जुलै
झरीन त्या दिवसापासून बेपत्ता. तिची आई अजीजाबी पोलिसांत जाऊन आल्या, आता इथं दारात बसून रडतात. पोरगी इथंच आली होती व्हो, म्हणतात. पण झरीनचं नाव आतच आहे! रिकाम्या खुर्चीपुढं पडद्यावरची पानं आपोआप सरकतात, आणि लेख रसायनशास्त्राचे नाहीत, ग्रंथालयशास्त्राचे. सर वाचायचे ते. प्राचार्य म्हणे, वापर वाढला, छान! कानाखाली जाळ काढावासा वाटला.

१० जुलै
सरांचं खातं पुन्हा उघडलं. ते झरीनची जागा सोडत नाहीत. तिचं नाव काढायला गेले, तर पडद्यावर एकच ओळ — बदली नाव द्या.
अजीजाबींकडं बघवत नाही. संताप नुसता. घ्या, माझं घ्या —

११ जुलै
झरीन परत आली! खुर्चीत बसलीय, वाळलेली, पण जिवंत. आई तिला सोडत नाही. मी हाक मारली — कुणी वळेना. बंडप्पांचा हात धरला, त्यांनी गार वारा लागल्यागत झटकला.
प्राचार्य आले. माझं नाव आत बघून खूश — ग्रंथपालाच्या जागेची जाहिरात काढा म्हणाले —
तोंडावर ओरडतेय त्यांच्या. मी माणूस आहे, आकडा नाही — ऐका —
माझीच खुर्ची ओढली — मी बसलेय इथं — माझ्या अंगावरच बस