डेनाची जागा

हिकरी फोर्क, आर्कान्सा
१९ ऑक्टोबर, रविवार

प्रिय डेना,

तू बरी असशील. टल्साला थंडी आमच्याआधी पडते म्हणतात, तेव्हा ते राखाडी जाड जाकीट बाहेर काढ, नुसत्या स्वेटरवर हिंडू नकोस. इथे सगळं ठीक आहे. अक्रोड पडायला लागलेत, दिवसभर पत्र्यावर ठकठक चालू असते. कुत्र्याला आता ऐकू येत नाही, तरी पोस्टमन आला की सवयीने भुंकतो. क्लेटन मजेत आहे. मागचा नळ गळतोय, पण ते होईल.

घटस्फोटाचे कागद झाले त्या आठवड्यात तू म्हणालीस, "थोडे दिवस फोन करू नका, मला माझं सावरू द्या." मी केला नाही. पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस.

तुझी ती भेट मी वापरली, हे सांगायला लिहितेय. माझ्या वाढदिवसाला तू आपल्या दोघींची नावं घातली होतीस ना, कॅल्डर दरीतल्या त्या जुन्या हातकामांच्या शाळेत? तुझं नि क्लेटनचं तेव्हा अजून धड होतं, निदान मला तसं वाटत होतं. तर ते शिबिर गेल्या आठवड्यात झालं. मी जाणार नव्हतेच. पण गुरुवारी सकाळी बघते तर मी पिशवी भरत होते.

पहिल्या दिवशी साबण शिकवला. लाकडाच्या राखेतून पाणी झिरपवायचं, त्या खारात डुकराची चरबी घालायची आणि खांदे भरून येईपर्यंत ढवळायचं. माझी आजी हे सगळं करायची. माझ्या आईला त्याची इतकी लाज वाटे, की ती आजीचा साबण पाहुण्यांपुढे कधी ठेवत नसे. आणि आता लोक कुठून कुठून गाड्या हाकत तेच शिकायला येतात. ओकच्या पट्ट्यांची टोपलीही विणली. माझी एका बाजूला कललीय. बटाटे ठेवलेत तिच्यात, त्यांची काही तक्रार नाही.

सगळी माणसं जोडीने आली होती. नवरा-बायको, बहिणी-बहिणी, एक बाप-लेक. दारात इमोजीन बसली होती. ती आणि तिचा नवरा हॉलिस मिळून शाळा चालवतात. तिने माझं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि डेना?"

ती येणार नाही, एवढंच सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "येतेय मागून. रस्त्यात आहे."

इमोजीनने तुझ्या नावाचा एप्रन माझ्या शेजारच्या खुंटीला अडकवला.

मग काय, थांबता येईना. दुपारी तू रस्त्यात होतीस. संध्याकाळी तुझी गाडी बंद पडली. शुक्रवारी तुझ्या कामावर कुणीतरी आजारी पडलं. इमोजीन प्रत्येक जेवणाला तुझं ताट वाढायची, सोललेल्या वालासारख्या त्या मोठ्या घेवड्याची उसळ, मक्याची पोळी, आणि वर फडकं झाकून ठेवायची. "दमून येईल पोरगी," म्हणायची.

खरं सांगू? मला बरं वाटत होतं. टोपली विणताना बायका सुनांबद्दल बोलायला लागल्या आणि मीही बोलले. तू गाडीला जोडलेला ट्रेलर मागे घेतेस तसा कुठल्या पुरुषाला जमणार नाही. चर्चमध्ये नको तिथे तुला हसू फुटतं आणि मग मलाही. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू सोफ्यावर झोपायचीस आणि झोपेत मला दटावायचीस. एक बाई म्हणाली, "माझी सून मला नाताळाला मेणबत्ती देते. दरवर्षी तीच." सगळ्या हसल्या. मग ती म्हणाली, "नशीब काढलंस, ओलेटा." मी हो म्हटलं. इतकं बोलणं माझ्या तोंडून उन्हाळाभर निघालं नव्हतं.

शनिवारी काकवी. ज्वारीच्या गोड धाटांचा पाला काढून ती चरकात घालायची, खेचर गोल फिरतं, हिरवा रस पिंपात पडतो. मग चुलवणावर लांबट कढईत तो आटवायचा. हॉलिसने सगळ्यांना आधीच सांगितलं, "इथे दोन माणसं लागतात. एक जाळ सांभाळणार, दुसरा झाऱ्याने मळी काढणार. ज्याचं लक्ष उडालं त्याने सगळ्यांचं वाटोळं केलं असं समजा."

शेवटची पाळी आपली होती. हॉलिस म्हणाला, "बाई, तुमची जोडीदारीण काही दिसत नाही. मी उभा राहतो."

मी म्हटलं, "नको. ती पोचेलच."

"अहो, काकवी वाट बघत नाही."

"तोवर मी एकटी सांभाळते," म्हटलं. हट्टच धरला. तुझ्या जागेवर दुसरं कुणी उभं राहिलेलं मला बघवलं नसतं. का, ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

बराच वेळ जमलं. मळी काढायची, पळत जाऊन लाकूड सारायचं, परत झारा. रस पिवळा झाला, मग तांबूस. तेवढ्यात फाटकाशी एक गाडी वळली, निळी. तुझीही निळीच. मी बघत उभी राहिले. त्यातून पाववाला उतरला. मागे वळले तोवर करपल्याचा वास सुटला होता.

सगळ्यांनी दिवसभर तोडलेली, सोललेली धाटं होती ती. कढई काळी पडली. हॉलिसने काडीवर थोडं घेऊन, फुंकून चाखलं आणि चुलीतली लाकडं बाहेर ओढली. तो ओरडला असता तर मी सावरले असते. मी झारा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. सून येणार नाही. आता सून नाहीच. माझ्या मुलापासून ती एप्रिलमध्ये वेगळी झाली, आणि मी तीन दिवस तुम्हाला खोटं सांगतेय.

मेणबत्तीवाली बाई डोळे पुसू लागली, ते मला मुळीच आवडलं नाही. इमोजीन स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "मग रात्रीचं ताट झाकून ठेवू की नको, तेवढं सांग."

मी म्हटलं, "नको ठेवूस."

"बरं. मग तूच उचल ते. माझे हात भरलेत."

मी ते ताट नि माझं ताट घेऊन पायरीवर बसले आणि दोन्ही जेवले, तिचंही नि माझंही. तुझं, म्हणायचं होतं मला. मग हॉलिसने मला कढई घासायला बसवलं आणि स्वतः समोर बसून घासू लागला. अंधार पडेस्तोवर घासत होतो. तो खेचरांबद्दल बोलत होता.

क्लेटन मजेत आहे असं मी वर लिहिलं, ते खरं आहे. शेल्बी त्याच्याकडे राहायला आलीय. वाईट नाही ती. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला मला बोलावलंय, पण तो म्हणाला, "आई, तिथे डेनाचं नाव काढू नकोस, शेल्बीला अवघड होतं." बरोबरच आहे त्याचं. मी प्रयत्न करून बघितला, आरशासमोर. पण माझ्या गेल्या अकरा वर्षांतली कुठलीही गोष्ट सांगायला घेतली तर तू तिच्यात असतेस. नातवंड असतं तर त्याच्या निमित्ताने तरी तुला बोलावलं असतं. तू माझ्या मुलाची बायको होतीस म्हणून मला मिळालीस, आणि तो सुटला तर मीही सुटायला हवी, असा हिशेब सगळ्यांनी केला. मला कुणी विचारलं नाही. तुलाही कदाचित तसंच हवं असेल. असेल तर असो.

थँक्सगिव्हिंगला मी इमोजीनकडे जाणार आहे. क्लेटनला सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे." ती मला साबणाच्या वर्गाला मदतनीस म्हणून घेतेय. काकवीजवळ फिरकू देणार नाही म्हणाली.

हॉलिस टल्साकडे खेचर बघायला निघालाय, त्याच्याच हाती हे पत्र पाठवतेय. सोबत काकवीची एक बरणी आहे, दुसऱ्यांच्या कढईतली, चांगली. गरम बिस्किट-पावावर लोण्याबरोबर खा. पत्राचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

बरणी मात्र मला परत हवी आहे. हॉलिस पुन्हा तिकडे येणार नाही, आणि पोस्टाने पाठवू नकोस, काच आहे.

तुझी,
ओलेटा