हात हलतो, फोन हलंना

३ नोव्हें., सोमवार
आज मिरचीच्या रानात रेणूचा व्हिडिओ काढला. नात माझी एका सरीतून बोलत चालली, मी बाजूच्या सरीतून फोन धरून. कालच्या व्हिडिओखाली कोणीतरी लिव्हलं, "कॅमेरावाल्याला चहा पाजा, लई हलून राह्यला." रेणूनं उत्तर टाकलं, कॅमेरावाला न्हाई, माझी आज्जी हे. मंग किती जणांनी हात जोडले! दोनदा वाचलं. चौथीपर्यंतच गेल्ते साळंत, पर आपलं नाव निघालं का वाचता येतं बराबर.
पर हलतं हे खरं. उजवा हात. आधी अंगठाच हलायचा.

५ नोव्हें., बुधवार
जेवताना वरण सांडलं. भानुदास म्हणला, "माय, सतरा तारखेला जालन्याला डॉक्टरचा नंबर लावतो." म्हणलं, काही न्हाई रे, चमचाच बुळबुळीत हे. सुनंनं चमचा उचलून पाह्यला.
माझ्या सासूबाईचा असाच हात गेल्ता. मंग त्यांच्या हातात कोणी कपबी देईना. ओसरीला बसवल्या ते बसवल्याच. मीच बशीनं चहा पाजायचे, त्या तोंड फिरवायच्या.
माझ्या हातातला फोन काढून घेतला तर...

८ नोव्हें., शनिवार
रेणूसंग जालन्याला. एसटीत राजूरची एक बाई भेटली, तिच्या लेकीचं लग्न ठरलं, पोरगा काय करतो ते तिलाच माहीत न्हाई. असो.
मस्तगडच्या बाजूला कॅमेऱ्याचं दुकान. गिंबल म्हणतेत त्याला. दांडा हे, वर मोटार. आपला हात हलला तरी फोन हलू देत न्हाई. दोन दाखवले. एक जड, त्याच्यावर मोठा कॅमेरा बसतो. रेणूचं मन त्याच्यावर, लग्नाच्या शूटिंगची कामं धरायची म्हणते. दुसरा हलका, फोनपुरता. दुकानदार म्हणला, "जो धरणार त्यानंच धरून पाहावं." जड माझ्या मनगटाला पेलंना. हलका धरला आन अगं बाई! हात थरथरून राह्यला आन फोन गप. दुकानभर चालून पाह्यलं. गिऱ्हाईक हसले, हसू दे.
रेणू बाहेर फोनवर बोलत होती, तवा दुकानदार हळूच म्हणला, "आज्जी, हात कधीपासून?" म्हणलं, थंडीनं होतं. डोक्यावर पंखा फिरून राह्यल्ता.
रेणू आली. जडवाला एकदा उचलला, खाली ठेवला. "हलका द्या. आज्जीला पेलला पाह्यजे."
येताना खुशी मावंना. आन पोरीचं काम माझ्यापायी मागं पडलं, तेबी टोचून राह्यलं.

११ नोव्हें., मंगळवार
काय व्हिडिओ आला! पाण्यावानी. चहाचं कोणी लिव्हलं न्हाई. थोडं वाईटबी वाटलं.
भानुनं पाह्यला. "माय, तुझा हात थांबला की! थंडीचंच होतं." डॉक्टरचा नंबर रद्द केला. मी म्हणलं, बराबर हे.
जेवताना भाकर कुस्करून हातानंच खाल्ली. चमचा नको म्हणलं.

१४ नोव्हें., शुक्रवार
आज डावा पायबी. बांधावर बसले मंग गप झाला. गिंबलला म्हणलं, पायाला न्हाई का रे काही तुझ्यासारखं? येडी म्हतारी.
कोणाला सांगावं. सांगितलं का बसवतेत ओसरीला.

१६ नोव्हें., रविवार
सांजच्याला व्हिडिओ काढला. ऊन माझ्या पाठीवर, रेणूचं तोंड सोन्यावानी दिसून राह्यल्तं. घरी येऊन ती पाहत बसली, मीबी डोकावले. फोन बिलकुल हलला न्हाई. पर तिच्या पायापाशी मातीवर माझी सावली पडलेली. सावलीतला फोन गप, आन हात थडथड थडथड.
रेणूनं मागं घेऊन परत पाह्यलं. परत. म्हणलं, "तेवढं कापून टाक." "हं" म्हणली.
कापलं न्हाई.

१७ नोव्हें., सोमवार
सकाळी रेणू म्हणली, "आज्जी, आज मी धरते. तू समोर उभी राह्य आन बोल."
"मी काय बोलू?"
"तुला बोलायचं ते. पहिला पप्पाला दाखवणार हे."
"आन दाखवून? बसवतील मला."
"कोण बसवतं पाहते मी. डॉक्टरकडं मी येते संगं. तिथून आलं का गिंबल तुझ्याच हातात."
पोरीचं काय, बोलून जाते. तिचा बाप ऐकंल तवा खरं.
चांगलं लुगडं नेसले. रानात उभी राह्यले, हात पदराखाली. तिनं बटन दाबलं. "हं, बोल आज्जी."
पदराखालून हात काढला. म्हणलं, "थांब, आधी मिरचीचं सांगते."
"सांग," रेणू म्हणली. "बॅटरी फुल हे."