मेधाचा क्षीरसागर

१९ जून ९४, रविवार
मेधाचं डोहाळजेवण झालं. घरात बायकाच बायका. मला बाहेरच्या खोलीत हाकललं होतं, तरी आत जाऊन बोललोच. म्हटलं, नुसती फुलांची वाडी भरून काय उपयोग, आत काय चाललंय ते तरी समजून घ्या. विश्वनिर्मितीची गोष्ट म्हणजे दुसरं काही नाही, गर्भाची गोष्ट. क्षीरसागर म्हणजे गर्भाभोवतीचं पाणी. विष्णू म्हणजे मूल, निजलेलं. शेष म्हणजे नाळ. वेटोळं घातलेली, पोसणारी. जुन्या लोकांनी पाहिलं होतं, फक्त उघड बोलले नाहीत.
सौ. म्हणाली, "अहो, पानं वाढलीत. विष्णूला जरा निजू द्या."
सगळ्या हसल्या. हसोत.
पण मेधाने विचारलं, "म्हणजे नाना, माझ्या पोटात क्षीरसागर?" म्हटलं, हो, आणि आतला साहेब शेषावर आडवा पडलाय. पोटाकडे बघून हसली. मागल्या वर्षी पाचव्यात गेलं, तेव्हापासून सूनबाई स्वतःच्या पोटाबद्दल बोलायचीच नाही. कुणी विचारलं तर उठून कुकर लावायची. आज हसली. मला फार बरं वाटलं.

२६ जून, रविवार
अंबरनाथला. कांबळे देवळापाशी आला नेहमीसारखा. रंगाच्या कारखान्यात वर्षानुवर्षं एका खोलीत बसायचो दोघं, निवृत्त झालो तरी रविवार सुटत नाही. तो आत येत नाही, बाहेर दगडावर बसतो, मी पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जाऊन येतो आणि मग वाद.
त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "थांबा दामले. नाभीतून कमळ येतं, त्याचा देठ म्हणजे काय?"
"नाळ."
"आणि शेष?"
"नाळच."
"एकाच नाळेला दोन नोकऱ्या? युनियन ऐकणार नाही."
लेकाचा. पण मुद्दा बरोबर आहे. देठाचं बघायला हवं.

८ जुलै
नदी चढलीय. आमच्या मांजर्लीत मागच्या गल्लीत घोटाभर पाणी, रद्दीवाल्याकडे जाता आलं नाही. त्याने उल्हासनगरहून इजिप्तच्या दैवतांवरचं एक हिंदी पुस्तक आणून ठेवलंय म्हणे.
चिरंजीव शिरीषची सेकंड शिफ्ट. संध्याकाळी मेधा मेथी निवडत बसते आणि म्हणते, नाना, आजचा साप. आज वासुकी झाला. समुद्रमंथन म्हणजे बाळंतपण. वासुकीची दोरी, ओढाताण म्हणजे कळा, आणि आधी विष, मग अमृत. ती म्हणाली, "विष नंतर आलं तर नाही का चालणार?" म्हटलं, क्रम माझ्या हातात नाही.
मग पोटाला म्हणाली, "ऐकतोयस ना रे?" म्हणजे आता त्याच्याशी बोलते. सौ.ने आतून ऐकलं. बाहेर येऊन माझ्या चहात न मागता आलं टाकून गेली.

२० जुलै
उल्हासनगर, सोनोग्राफी. मेधा, सौ. आणि मी.
नाळेचा वेढा आहे. गळ्याभोवती.
डॉक्टरीणबाई सिंधी, शांत बाई. "होता है, बहुत बच्चों में होता है. निकल भी जाता है. हलचल पे ध्यान रखो, कम लगे तो सीधा आ जाना." वजन चांगलं, ठोके चांगले. कागदावर सगळं चांगलंच.
परतीची रिक्षा. सौ. पुटपुटत होती. मेधा बाहेर बघत होती.
शेष म्हणजे नाळ. कोण म्हणालं हे? मी.

२३ जुलै
हे मूर्खासारखं आहे, कळतं. आयुष्यभर लोकांना सांगत आलो की साप खरा नसतो, अर्थ खरा असतो. कालसर्प शांतीवाल्याला दारातून परत पाठवला होता मी. आणि आता वाटतंय, रोज संध्याकाळी त्या पोरीच्या पोटाशी बसून साप साप केलं, आणि

संध्याकाळी मेधा मेथी घेऊन बसली. मी चपला घालून बाहेर पडलो. नाक्यापर्यंत गेलो, परत आलो. ती आत गेली होती.

३१ जुलै, रविवार
कांबळेला सांगितलं. चेष्टा करेल वाटलं, केली नाही.
म्हणाला, "आमच्यात मुचलिंद आहे. बुद्ध ध्यानात बसलेले, वादळ, पाऊस. हा नाग आला, अंगाभोवती वेढे घातले, डोक्यावर फणा धरला. दामले, वेढा घातला म्हणजे आवळलाच, हे तुमचं गणित. पाऊस लागू नये म्हणूनही घालतात."
चांगलं आहे. माझ्या कुठल्याही अर्थापेक्षा चांगलं. पण म्हटलं, तुमचा मुचलिंद पाऊस थांबल्यावर सोडून गेला. हा सुटला नाही तर?
त्याने खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत कधी ठेवला नव्हता.
मुचलिंद मेधाला सांगावा का? तोंड उघडायचीच भीती वाटते.

नागपंचमी
आज चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. सौ.चं दरवर्षीचं. आणि दरवर्षी मी तिच्यासमोर काकडी चिरून खातो, मुद्दाम, तत्त्व म्हणून.
आज सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. विळी उचलली, फडक्यात गुंडाळली आणि कपाटावर बॅगेमागे ठेवली. सुरीसुद्धा. अडकित्ता राहिला होता, तोही. न जाणो, चुकून कुणाचा हात गेला तर.
स्टुलावरून उतरतो तर मेधा दारात. पुढे आली. स्टूल धरलं फक्त, मी उतरेपर्यंत.
जेवायला पुरणाची दिंडं. सौ. म्हणाली, "आज काकडी नाही का?" म्हटलं, पोट बरं नाही. दोन जास्तीची खाल्ली, हे तिच्या लक्षात आलं असणारच.

दुसऱ्या दिवशी
सौ. सकाळभर विळी शोधतेय. शेवटी मेधाने वर बोट दाखवलं. मग माझा जो काही उद्धार व्हायचा तो झाला.
दुपारी सौ. जरा आडवी झाल्यावर मेधा माझ्या खुर्चीपाशी आली.
"नाना, तुम्ही घाबरलात ना?"
म्हटलं, छे.
"डॉक्टर बोलल्या तेव्हा मला एवढी भीती नाही वाटली. तुम्ही बोलायचे थांबलात तेव्हा वाटली. म्हटलं, यांना काहीतरी माहीत आहे आणि आपल्याला सांगत नाहीयेत."
अरे देवा. मी तिला जपत होतो आणि ती तीन आठवडे माझ्या तोंडाकडे बघून मरत होती. रागच आला स्वतःचा.
सगळं सांगितलं. माझ्या बोलण्याने झालं असं वाटतं, हेसुद्धा. ती ऐकत राहिली. म्हणाली, "तुमच्या बोलण्यात एवढी ताकद असती तर सासूबाईंनी केव्हाच तुमचं ऐकलं असतं."
हसलो. मग डोळे पुसले. तिनेही.
मुचलिंद सांगितला. दोनदा सांगायला लावला. म्हणाली, हा ठेवू आपण.

२३ ऑगस्ट
उल्हासनगर. दवाखान्याच्या बाकावर लिहितोय. वही सौ.ने पिशवीत टाकली होती, का ते विचारलं नाही.
सकाळपासून हालचाल कमी वाटली म्हणून निघालो. शिरीष फर्स्ट शिफ्टला, कारखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. ठोके आहेत, मधूनच मंदावतात. "रुकेंगे नहीं, ऑपरेशन करके निकाल लेते हैं."
आत नेण्याआधी मेधा जरा वेळ इथेच, आमच्या दोघांच्या मध्ये. म्हणाली, "नाना, बोला काहीतरी."
शेष, वासुकी, मुचलिंद, देठ, कमळ. काही आठवेना. म्हटलं, "मेधा, मला काही सुचत नाहीये गं."
"मग नुसते बसा."
बसलो. तेवढ्यात तिने श्वास ओढला, "हलला." सौ.ने माझं मनगट धरलं. मी मागे ओढलं, सुनेच्या पोटाला हात कसा लावायचा. सौ. म्हणाली, "ठेवा हो. लाजताय कसले, तुमचंच आहे ते."
ठेवला. सासरा म्हणून नाही, काही म्हणून नाही. आतून ढकललं. केवढा जोर. इतके महिने मी त्याच्याबद्दल बोलत होतो आणि तो असा आहे हे मला माहीतच नव्हतं. टाच असावी. माझ्या तळहाताला लागली आणि सरकत गेली.
मी म्हटलं, "ये रे."
एवढंच म्हणालो. मेधा रडत होती, मानेने हो म्हणत होती.
नर्स आली, घेऊन गेली. दार लावलं.
उजव्या हाताने हे लिहितोय. डावा सौ.ने धरून ठेवलाय. शिरीष जिना चढून येतोय, त्याच्या बुटांचा आवाज. आतून अजून काही ऐकू येत नाही.